धबधबा पाहायला जाताना काय करावे? झांबेझीचा ‘गरजणारा धूर’ आणि मेळघाटचे भीमकुंड

१/
आफ्रिकेतील व्हिक्टोरिया धबधब्याला जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती एक ठरलेली यादी असते : पुलावरून दरी पाहावी, हेलिकॉप्टरमधून फेरी मारावी, पौर्णिमेच्या रात्री चांदण्यातले इंद्रधनुष्य पाहावे. धारणीहून हरिसाल-सेमाडोहमार्गे चिखलदरा चढणाऱ्याची यादीही ठरलेली : भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, गाविलगड आणि परत. या धाग्यात इतिहासाच्या अंगाने दुसरी यादी मांडली आहे. कामे सहा आहेत आणि ती दोन्ही ठिकाणी सारखीच लागू पडतात.

२/
प्रथम झांबेझीची ओळख. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर ही नदी सुमारे १,७०० मीटर रुंदीच्या एकाच सलग कड्यावरून १०० मीटरहून अधिक खोल कोसळते. तुषारांचा लोट कित्येक किलोमीटरवरून दिसतो. कोलोलो लोकांनी त्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे ‘गरजणारा धूर’, असे नाव दिले. टोंगा भाषकांचे त्याहून जुने नाव ‘शुंगु नामुतितिमा’; त्याचा रोख उकळत्या पाण्याकडे आहे. म्हणजे युरोपीय माणूस तेथे पोहोचण्यापूर्वी धबधब्याला एक सोडून दोन नावे होती.

३/
१६ नोव्हेंबर १८५५ रोजी स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन तेथे पोहोचला. त्याला वाट दाखवणारे आणि त्याची होडी कड्याच्या तोंडावरच्या बेटापर्यंत नेणारे लोक त्याच प्रदेशातले होते. नदीचा प्रवाह कोठे ओढतो आणि कोठे सोडतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तो जिवंत परतला. त्याने आपल्या राणीचे नाव धबधब्याला दिले आणि जगाच्या नकाशावर तेच राहिले. १९८९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत हे स्थळ नोंदवताना मात्र ‘मोसी-ओआ-तुन्या / व्हिक्टोरिया’ अशी दोन्ही नावे घेतली.

४/
या लिव्हिंगस्टनचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध होता, हे फारसे सांगितले जात नाही. १८६४ मध्ये तो आपली छोटी आगबोट घेऊन हिंदी महासागर ओलांडून मुंबईला आला. १८६५ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला आणि नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या वस्तीतून त्याने नऊ आफ्रिकी तरुण आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी निवडले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेव्हा मुंबई इलाख्यात आणून ठेवली जात. नाशिकला शिकल्यामुळे ती इंग्रजांच्या लिखाणात ‘नासिक बॉइज’ म्हणून ओळखली गेली.

५/
त्याच परंपरेतला जेकब वेनराइट हा याओ जमातीचा तरुण. तोही शरणपूरला शिकलेला. मोहिमेत मात्र १८७२ मध्ये सामील झाला. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टन मरण पावला. त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. ख्रिस्ती अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि झाडावर मृत्यूची नोंद कोरली तीही त्यानेच. मग चुमा, सुसी, वेनराइट आणि त्यांच्या साथीदारांनी तो देह हजार मैलांहून अधिक अंतर वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणला.

६/
१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचे दफन झाले, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. धबधब्याशेजारच्या गावाला लिव्हिंगस्टनचे नाव मिळाले, तेथे त्याचा पुतळाही उभा राहिला. देह वाहणाऱ्यांची नावे पुस्तकांच्या आतल्या पानांत राहिली. यातून इतिहासाच्या यादीतले पहिले काम निघते : धबधब्यासमोर उभे राहिल्यावर, ‘शोध कोणी लावला’ या प्रश्नाबरोबरच ‘तेथपर्यंत कोणी नेले’ हाही प्रश्न विचारावा.

७/
आता हाच प्रश्न चिखलदऱ्याला विचारून पाहू. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने चिखलदरा ‘शोधून काढले’, असे पर्यटनाच्या बहुतेक पुस्तिकांत छापलेले असते. पठाराच्या अगदी शेजारी गाविलगड उभा आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधल्याचे इतिहासकार फरिश्ता सांगतो. ज्या डोंगरावर रॉबिन्सनच्या आधी चारशे वर्षे राजधानीच्या तोडीचा किल्ला नांदत होता, त्या डोंगराचा शोध १८२३ मध्ये लागला, याचा अर्थ काय करायचा?

८/
उत्तर वर्षात दडलेले आहे. १८०३ मध्ये गाविलगड पडला, तरी देवगावच्या तहात नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले लगतच्या मुलखासह नागपूरकर भोसल्यांकडेच राहिले. १८२२ च्या करारात वर्धा नदी वऱ्हाडची पूर्व सीमा ठरली आणि मेळघाट निजामाच्या हाती आला. निजामाच्या पदरी ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज होती आणि तिची छावणी पायथ्याशी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला होती. पुढच्याच वर्षी त्या फौजेतला अधिकारी वर चढतो. हा शोध म्हणजे, उकाड्याने त्रासलेल्या छावणीला थंड हवेची जागा मिळाल्याची नोंद आहे.

९/
दुसरे काम : नावे विचारावी, आणि मिळालेली गोष्ट व पोथी यांतला फरक पाहावा. चिखलदरा म्हणजे ‘कीचकदरा’, अशी स्थानिक श्रद्धा आहे. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले आणि भीमकुंडात हात धुतले, असे सांगतात. महाभारताच्या विराटपर्वात कीचकवध आहे. पण तो रात्री नृत्यशाळेत घडतो, आणि कीचकाचे भाऊबंद त्याचे प्रेत दहनासाठी नेतात. दरी आणि कुंड तेथे नाहीत. ती मेळघाटने कथेत घातलेली भर आहे.

१०/
जवळच ‘वैराट’ नावाचे उंच ठिकाण आहे आणि लोक ते विराटराजाशी जोडतात. मत्स्य देशाची राजधानी म्हणून अभ्यासक बहुधा राजस्थानातील बैराटकडे बोट दाखवतात. आपल्याकडे वाईलाही विराटनगरी म्हणतात. कर्नाटकातील हनगलही तोच मान सांगते. अशा दाव्यांपैकी खरा कोणता, हे ठरवण्याच्या मागे लागू नये. एखाद्या प्रदेशातल्या लोकांना आपला कडा, आपले पाणी भारतभर माहीत असलेल्या कथेत बसवावेसे वाटले, ही गोष्ट स्वतःच इतिहास आहे.

११/
या नावांच्या थराखाली आणखी एक थर आहे. मेळघाटात मोठ्या संख्येने राहणाऱ्या कोरकू समाजाची भाषा ना मराठी-हिंदीच्या कुळातली, ना गोंडीसारखी द्राविड. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडमधल्या संथाळी-मुंडारीची बहीण. त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा हीच. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे ‘माणसे’. सिपना नदीचे नाव कोरकूतल्या सागवानाच्या शब्दावरून आले, असे सांगितले जाते. होळीच्या सुमारास येथे मेघनाथाचा खांब पुजला जातो. एकाच डोंगरात भीमाचे कुंडही आहे आणि रावणपुत्राचा मानही.

१२/
तिसरे काम : दगड पाहावा. झांबेझीचा कडा आणि चिखलदऱ्याचा कडा यांच्यात एक खरे नाते आहे. दोन्ही लाव्हारसाच्या थरांतून घडलेल्या काळ्या बेसॉल्टचे आहेत. आफ्रिकेतला थर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, दख्खनचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झांबेझीचे पाणी खडकातल्या भेगा पोखरत मागे सरकत आले. धबधब्याच्या खालच्या बाजूला नागमोडी वळत जाणाऱ्या घळी म्हणजे त्याच धबधब्याच्या जुन्या जागा. भीमकुंडाच्या कड्यावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर.

१३/
चौथे काम : पाणी कोठून येते, कोठे जाते आणि केव्हा नसते, हे विचारावे. झांबेझी वर्षभर वाहते. उगमाकडचा पाऊस खाली पोहोचायला वेळ लागतो, म्हणून तिचा पूर मार्च ते मे या काळात असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कड्याचा बराच भाग उघडा पडतो. चिखलदऱ्याच्या धबधब्यांमागे अशी मोठी नदी नाही. त्यांचे पाणी थेट डोक्यावरच्या पावसाचे. जुलै-ऑगस्टमध्ये कडे पांढरे होतात; उन्हाळ्यात त्याच मेळघाटातल्या अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात कड्यावर उभे राहणाऱ्याने हे दुसरे चित्रही मनात ठेवावे.

१४/
गाविलगडची रांग हा पाणलोटाचा कणा आहे. उत्तर उतारावरच्या सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या नद्या धारणीच्या बाजूने तापीला मिळतात. दक्षिण उतारावरच्या चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या अचलपूर-अकोटच्या काळ्या मातीत उतरून पूर्णेला मिळतात. पण पूर्णा शेवटी जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीलाच भेटते. डोंगराच्या माथ्यावर दोन बाजूंना वेगळा झालेला पाऊस तेथे पुन्हा एक होतो. वऱ्हाडातली कपाशी या डोंगराकडे का पाहते, ते यावरून उमगते.

१५/
पाचवे काम : गाविलगडात जावे आणि तेथील दरी सैनिकाच्या नजरेने पाहावी. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाल्यावर आर्थर वेलस्लीने (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) गाविलगडाला वेढा घातला. दक्षिणेकडचा कडा चढून जाण्याजोगा नव्हता. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने तोफा डोंगरातून ओढत, वाट तयार करत, उत्तरेकडे लबाडा गावाच्या बाजूला नेल्या. या वाटा नकाशावर नव्हत्या. त्या ठाऊक होत्या त्या डोंगरात राहणाऱ्यांना.

१६/
१५ डिसेंबरला बाहेरची तटबंदी फुटली. आतला किल्ला मात्र एका खोल घळीपलीकडे होता आणि तेथेच हल्ला अडला. अखेर कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळीची बाजू चढून, शिड्या लावून आतला तट ओलांडला आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला : भोसल्यांनी कटक आणि वर्धेपलीकडचा वऱ्हाड सोडला. ओरिसाच्या किनाऱ्याचे भवितव्य मेळघाटच्या एका घळीत ठरले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये किल्ल्याची तटबंदी ठिकठिकाणी पाडून तो निकामी करण्यात आला.

१७/
सहावे काम सर्वांत अवघड : ज्यांची ही भूमी, ते आज कोठे आहेत, हे विचारावे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला आणि रेल्वेचे जाळे वाढू लागताच सागवानाला भाव आला. १८६० च्या दशकापासून मेळघाटची जंगले राखीव होत गेली. झाडोरा जाळून त्या राखेत पेरण्याची ‘दह्या’ ही डोंगरी शेती सरकारी दृष्टीने नासाडी ठरली आणि बंद पाडली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जागा बदलत शेती करणारा कोरकू आता वनखात्याच्या मजुरीवर जगणारा, ठरलेल्या वनग्रामात राहणारा माणूस झाला.

१८/
१९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. वाघ वाचला, यात शंका नाही. वाघामुळे ज्या नद्यांचे उगम शाबूत राहिले, त्यांवर खालची शेती उभी आहे. पण त्याच अभयारण्यातून बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे पुनर्वसनासाठी बाहेर हलली आणि पुढे आणखी गावे हलत गेली. वैराटही त्यांपैकी एक. विराटराजाच्या नावाने सांगितले जाणारे गाव आता पर्यटकाला दिसते ते ठिकाणाच्या नावापुरते. १९९० च्या दशकापासून मेळघाटचे नाव बालमृत्यू आणि कुपोषणाच्या बातम्यांत येत राहिले, हेही याच नकाशातले वास्तव.

१९/
झांबेझीवर याचे प्रतिबिंब सापडते. धबधब्याच्या खालच्या अंगाला १९५० च्या दशकात करिबा धरण बांधले गेले. वीज खाणींना आणि शहरांना गेली. नदीकाठच्या सुमारे ५७,००० टोंगा लोकांना घरे सोडावी लागली. धबधब्याचे जुने नाव ज्या भाषेत आहे, त्याच भाषेच्या लोकांची वस्ती पाण्याखाली गेली. एकीकडे वाघ, दुसरीकडे वीज. दोन्ही हेतू हलके नव्हते. प्रश्न एवढाच की मोबदला काय ठरला, कोणी ठरवला, आणि ठरवताना गावाला विचारले होते का. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा प्रश्न ग्रामसभेपुढे आणण्याची कायदेशीर वाट दिली.

२०/
वाहतुकीचीही तुलना करावी. १९०५ मध्ये झांबेझीच्या घळीवर रेल्वेपूल झाला. गाडीतील प्रवाशांच्या अंगावर तुषार उडावेत इतका तो धबधब्याजवळ असावा, ही सेसिल ऱ्होड्सची इच्छा होती. पूल पूर्ण होण्याआधीच तो मरण पावला. धारणी तालुक्यात धूळघाटला अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे डोंगर चढताना स्वतःच्याच रुळांवरून वळसा घेत असे. अकोट ते खंडवा भागातील गाड्या रुंदीकरणासाठी थांबल्या, आणि नवा मार्ग वाघांच्या जंगलातूनच न्यायचा की बाहेरून वळवायचा, यावर मोठा वाद झाला. एका ठिकाणी रूळ निसर्गाचे दृश्य दाखवायला आले, दुसऱ्या ठिकाणी निसर्गाने रुळांना प्रश्न विचारला.

२१/
आज चिखलदऱ्यात गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामध्ये दरीवर काचेच्या आकाशपुलाचा प्रकल्प सिडकोने हाती घेतला आहे. पर्यटन वाढले तर हॉटेल, गाड्या, वाटाडे यांना काम मिळेल. ते काम धारणी-चिखलदऱ्याच्या मुलामुलींना मिळते की बाहेरून आलेल्यांना, हे पाहणे पर्यटकाच्याही हाती आहे. वाटाड्या स्थानिक घ्यावा. त्याला वाटेतल्या नाल्याचे, टेकडीचे, झाडाचे कोरकू नाव विचारावे आणि ते लिहून ठेवावे. फलकावर नसलेली नावे अशीच टिकतात.

२२/
थोडक्यात यादी अशी : वाट कोणी दाखवली ते विचारा. नावे आणि त्यांमागच्या कथा ऐका, पोथीशी ताडून पाहा. दगड पाहा. पाण्याचा माग चांगदेवपर्यंत काढा. गाविलगडाची घळ उतरून पाहा. आणि जे येथून उठून गेले, त्यांच्या नव्या गावाचा पत्ता विचारा. पावसाळ्यात भीमकुंडाच्या काठावर शेवाळ असते. कठड्यापलीकडे पाऊल टाकू नका. पंचबोलला हाक दिली की दरी ती अनेकदा परत देते. हाक द्यायचीच असेल तर एखादा कोरकू शब्द द्यावा. तो सांगणारा वाटाड्या शेजारीच उभा असेल.

(धागा समाप्त)